कार्टूनचा आवाज: मालकीच्या वादात हरवलेलं काम

कार्टूनमधल्या पात्रांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तयार करून घ्यावेत का, या वादात दोन्ही बाजू आवाजाच्या मालकीवर हटून बसल्या आहेत. एक बाजू म्हणते, पात्र कंपनीचं, म्हणून त्याचा आवाजही कंपनीचा. कलाकार गेल्यावर आवाज चालू राहिला तर बिघडलं कुठे? दुसरी म्हणते, आवाज ही माणसाची ओळख, त्याचा आत्मा. यंत्राने तो घेणं म्हणजे चोरी. पहिली बाजू मला मान्य नाही. पण दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही मला पटत नाही आणि माझी खरी काळजी तिथेच आहे, कारण ज्यांच्या पोटावर पाय येणार आहे ते कलाकार याच दुबळ्या युक्तिवादाच्या भरवशावर उद्या कोर्टाची पायरी चढतील. कार्टूनला आवाज देणारा माणूस आपली ओळख विकायला स्टुडिओत जात नाही. तो अभिनय करायला जातो. संरक्षण मागायचं तर त्या कामासाठी मागायला हवं. ओळखीसाठी मागितलं तर हाती काहीच लागणार नाही.

पोर्की पिगचं उदाहरण घ्या. वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनमधलं हे तोतरं डुक्कर १९३५ साली पडद्यावर आलं, तेव्हा त्याला जो डॉहर्टी नावाच्या नटाचा आवाज होता. डॉहर्टी प्रत्यक्षातही तोतरा होता. ‘आवाज म्हणजे ओळख’ या न्यायाने पोर्कीसाठी त्याच्याहून योग्य माणूस शोधून सापडला नसता. पण त्याचं अडखळणं त्याच्या ताब्यात नव्हतं. कुठल्या शब्दावर तो किती वेळ अडेल, हे त्यालाही सांगता येत नसे. रेकॉर्डिंग लांबत जाई आणि खर्च वाढत जाई. १९३७ मध्ये ते काम मेल ब्लँककडे आलं. ब्लँक तोतरा नव्हता. त्याने त्या अडखळण्याला लय दिली. त्याचा पोर्की एखाद्या शब्दावर दोन-तीनदा धडका देतो, मग तो शब्दच सोडून देतो आणि भलत्याच शब्दाने वाक्य पुरं करून टाकतो. हसू येतं ते या सुटकेवर. कुठे अडायचं, किती अडायचं आणि कधी सोडून द्यायचं, हे ठरवणारं एक डोकं त्यामागे आहे. डॉहर्टीकडे पोर्कीचा आवाज होता. ब्लँकने पोर्की उभा केला.

ब्लँक १९०८ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला, ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला वाढला आणि रेडिओवर घडला. बग्ज बनी, डॅफी डक, ट्वीटी, सिल्व्हेस्टर, स्पीडी गोन्झालेस आणि पुढे ‘फ्लिंटस्टोन्स’मधला बार्नी रबल, ही यादी बरीच लांबवता येईल. ‘हजार आवाजांचा माणूस’ हे बिरुद त्याला उगाच मिळालं नाही. आता ओळखवाद्यांना माझा प्रश्न असा की, या हजारांतला ब्लँकची ओळख असलेला आवाज कोणता? डॅफी आणि सिल्व्हेस्टर हे बदक आणि बोका शेजारी ठेवून ऐका. दोघेही जीभ सैल सोडून, थुंकी उडवत बोलतात. मूळ आवाज जवळपास एकच. डॅफीचं रेकॉर्डिंग वेग वाढवून वाजवलं जाई, सिल्व्हेस्टरचं तसंच ठेवलं जाई. तरी दोघांची कुणी गल्लत करत नाही. डॅफी हावरट, आततायी, दुसऱ्याचं बरं झालेलं न बघवणारा; सिल्व्हेस्टर दर वेळी तोंडावर आपटतो आणि दर वेळी आपली बोकेगिरी सावरून पुन्हा उभा राहतो. आवाजाचा पोत एक असूनही दोन जीव वेगळे झाले, ते अभिनयामुळे. यातून आणखीही एक गोष्ट दिसते. वेग बदलणारं यंत्र तेव्हाही स्टुडिओत होतंच आणि त्याबद्दल कुणी गळा काढला नाही. म्हणून ‘यंत्र आलं, कला बुडाली’ हा सूर मला लावायचा नाही. ब्लँकने अभिनय केल्यावर यंत्राने त्याला हात लावणं वेगळं आणि त्याचा जुना अभिनय दळून त्यातून नवा काढणं वेगळं.

हा अभिनय नेमका कसा चालतो, हे या चर्चेत क्वचितच कुणी सांगतं. अमेरिकी पद्धतीत बहुधा आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि चित्रं नंतर काढली जातात. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. कलाकाराने वाक्याच्या मध्ये अर्धा सेकंद थांबायचं ठरवलं, की चित्रकाराच्या तक्त्यावर १२ चौकटींची जागा मोकळी होते आणि त्या जागेत भुवई उंचावते, कान पडतो, डोळे फिरतात. म्हणजे पात्राच्या हालचालीचा पहिला आराखडा माइकसमोर उभ्या असलेल्या माणसाने आखलेला असतो. डबिंगमध्ये हे सगळं उलटं होतं. चित्र तयार असतं, तोंडाची उघडझाप ठरलेली असते, कानातल्या हेडफोनवर मूळ भाषेतला आवाज चालू असतो आणि त्या उघडझापेत आपल्या भाषेतलं वाक्य असं बसवायचं असतं की ते बसवल्यासारखं वाटता कामा नये. क्रिया वाक्याच्या शेवटी ठेवणाऱ्या मराठी-हिंदीसारख्या भाषांत मूळ वाक्याचा जोर कुठे पडतो आणि आपला कुठे पडायला हवा, हे ओळीगणिक तिथेच ठरवावं लागतं. शिवाय शब्दांपलीकडचंही काम असतं. पात्र जिन्यावरून गडगडतं, विहिरीत पडतं, गुदमरतं, शिंकतं, गुद्दा खातं. पोटावरचा गुद्दा आणि जबड्यावरचा गुद्दा यांचे आवाज वेगळे. हे सगळं एकामागून एक, घसा फाटेपर्यंत, टेकवर टेक देत करायचं. अमेरिकेत व्हिडिओ गेमच्या आवाज कलाकारांनी २०१६ मध्ये संप केला, तेव्हा घशावर येणारा हा ताण त्यांच्या मागण्यांत होता. घशातून निघणाऱ्या आवाजाला ‘ओळख’ म्हणून ओवाळणारे या श्रमाबद्दल बोलत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

ओळखीचा युक्तिवाद कोर्टात कुठे जाऊन अडतो, तेही पाहू. अमेरिकेत फोर्डच्या जाहिरातीसाठी गायिका बेट मिडलर यांनी नकार दिला, तेव्हा त्यांच्याच एका जुन्या सहगायिकेकडून त्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करवून घेण्यात आली. १९८८ मध्ये अपील न्यायालयाने मिडलर यांच्या बाजूने कौल दिला. मात्र त्यासाठी अट होती: आवाज वैशिष्ट्यपूर्ण हवा आणि तो गाणाऱ्याचा म्हणून सर्वदूर माहीत असलेला हवा. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अनिल कपूर यांना आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना त्यांच्या आवाजाच्या गैरवापराविरुद्ध अंतरिम संरक्षण दिलं. दोन्ही आदेश स्वागतार्ह आहेत. पण त्यांचा पाया प्रसिद्धीचा आहे. प्रसिद्ध व्यक्तीच्या व्यक्तिमत्त्वाला बाजारात किंमत असते, म्हणून ती फुकट वापरू देऊ नये, असा तो विचार. कार्टूनच्या आवाज कलाकाराचं काय? २००५ पासून सोनल कौशल यांचा हिंदी डोरेमॉन घराघरांत बोलतो आहे. निन्जा हातोरीच्या हिंदी आवाजामागे आपल्या मेघना एरंडे आहेत. त्या आवाजांवर पोसलेल्या किती घरांत ही नावं ठाऊक असतील? आवाज देशभर पोहोचलेला आणि नाव पडद्याआड राहिलेलं, ही या पेशाची रीतच आहे. वर, तो आवाज त्या कलाकाराचा रोजच्या बोलण्यातला आवाजही नसतो. ‘ही माझी ओळख’ असं तिने न्यायाधीशांपुढे म्हणायचं तरी कसं? म्हणून म्हणतो, प्रसिद्ध लोकांसाठी शिवलेला हा अंगरखा या कलाकारांना होणार नाही. त्यांना कामाचा हक्क हवा.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे, ते मान्य करायलाच हवं. पात्र माणसापेक्षा जास्त जगतं. मिकी माउसचा आवाज आधी खुद्द वॉल्ट डिस्ने यांचा होता, मग जिमी मॅकडोनाल्ड यांचा झाला, १९७७ पासून वेन ऑलवाइन यांचा झाला. जपानमध्ये नोबुयो ओयामा यांनी १९७९ पासून २६ वर्षं डोरेमॉन केला. २००५ मध्ये तो वासाबी मिझुता यांच्याकडे गेला आणि नव्या मुलांना तोच खरा डोरेमॉन वाटू लागला. कुठलाही एक आवाज अपरिहार्य नसतो, हे कंपन्यांचं म्हणणं म्हणूनच मला सोळा आणे मान्य आहे. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? आवाज बदलला तरी पात्र मरत नसेल, तर मेलेल्या माणसाचा आवाज यंत्रात जिवंत ठेवण्याची निकड कुठे उरते? मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. ‘नटसम्राट’ १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी उभा केला. पुढे दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले. प्रत्येकाचा अप्पा बेलवलकर वेगळा होता. प्रेक्षक त्यांची तुलना करत, भांडत, पण नाटक पुढे गेलं. लागूंची टेप लावून दुसऱ्या नटाने ओठ हलवावेत, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

डोनाल्ड डकची वाटचाल तर याहून बोलकी आहे. क्लॅरेन्स नॅश यांनी १९३४ पासून तो खरखरता आवाज दिला आणि आयुष्याच्या अखेरीस डिस्नेमध्येच ॲनिमेटर असलेल्या टोनी अँसेल्मो यांना ती विद्या दिली. १९८५ मध्ये नॅश गेले आणि डोनाल्ड अँसेल्मोंकडे आला. त्या शिकवणीत डोनाल्ड कधी चिडतो, कधी नुसता धुसफुसतो, हेही आलं. गायकीच्या घराण्यात गुरूच्या ताना पाठ करणारा आणि गुरूचा विचार घेणारा, यांतला फरक आपण पिढ्यान्‌पिढ्या ओळखत आलो आहोत.

‘अँसेल्मो नॅशची नक्कल करतो ते चालतं, मग यंत्राने केली तर का नाही?’ हा समोरच्यांचा सगळ्यात वजनदार प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. परिणाम कानाला सारखा वाटला तर फरक कशात राहिला? माझ्या मते फरक आहे तो कामात. नकलाकार पुढचं वाक्य स्वतः करतो. ‘हे पात्र असं बोलणार नाही’ म्हणून दिग्दर्शकाशी हुज्जत घालू शकतो, मोबदला घेतो, नकार देऊ शकतो आणि वीस वर्षांनी पात्र त्याच्या हातात थोडं बदललेलं असतं. यंत्राचा आवाज मूळ कलाकाराच्या हजारो टेकांतून घडवलेला असतो. ते टेक त्याने त्या-त्या भागापुरत्या मानधनावर दिलेले असतात. त्यातून निघणारं प्रत्येक नवं वाक्य त्याच्याच जुन्या श्रमावर उभं आहे, पण त्यात त्याचा एकही निर्णय नाही आणि त्याचा मोबदलाही नाही. गिरणी कामगाराने विणलेल्या कापडावर मालकाचा हक्क असतो. त्या कामगाराचे हात पुढच्या पन्नास वर्षांसाठी मालकाचे होत नाहीत.

ब्लँकच्या आयुष्यात १९६१ साली एक प्रसंग आला, तो या संदर्भात नेहमी सांगितला जातो. जानेवारीत लॉस एंजलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवर त्याच्या गाडीला भीषण अपघात झाला आणि तो जवळपास दोन आठवडे बेशुद्ध होता. हाका मारून उपयोग होईना, तेव्हा डॉक्टरांनी ‘बग्ज, कसा आहेस?’ असं विचारलं आणि त्याने बग्जच्या आवाजात उत्तर दिलं, अशी ती गोष्ट. ‘बघा, पात्र त्याच्या आत्म्यात भिनलं होतं’ असं ओळखवादी सांगतात. मला त्यानंतरचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘फ्लिंटस्टोन्स’चं काम थांबवता येत नव्हतं, म्हणून डॉज बटलर यांनी काही भागांत बार्नीचा आवाज दिला. पुढे ब्लँकला बोलता येऊ लागलं, तेव्हा अंगभर प्लास्टर असताना त्याच्या बिछान्याभोवती माइक लावून, सहकलाकारांना तिथेच गोळा करून रेकॉर्डिंग केलं गेलं. दुसरा माणूस हाताशी होता, त्याचं काम उत्तम होतं, तरी ही यातायात केली, कारण बार्नीचं पुढचं वाक्य ब्लँक कसं म्हणेल हे आधी कुणालाच माहीत नव्हतं. उद्याच्या कंपनीकडे ब्लँकच्या आवाजाचं मॉडेल असेल, तर ती त्या बिछान्यापर्यंत कशाला जाईल?

संमतीचा मुद्दाही समोर येतो आणि तो रास्त आहे. जेम्स अर्ल जोन्स यांनी ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतला खलनायक डार्थ व्हेडर याच्या आवाजासाठी हयातीतच यंत्राला परवानगी दिली होती. नव्वदी ओलांडलेला, नावाजलेला, वकील-सल्लागार दिमतीला असलेला कलाकार विचार करून होकार देत असेल, तर मी कोण आड येणारा? पण त्यांच्या पश्चात २०२५ मध्ये त्यांचा आवाज एका व्हिडिओ गेममध्ये वापरला गेला, तेव्हा कलाकारांच्या संघटनेने तक्रार केलीच. आमच्याशी वाटाघाट न करता हे केलं, असं संघटनेचं म्हणणं होतं. म्हणजे एकाची संमती बाकीच्यांच्या कामावर कुऱ्हाड ठरू शकते. आणि जोन्स यांची संमती नवोदिताच्या संमतीला लावता येत नाही. पहिलं काम मिळालं या आनंदात असलेली मुलगी ‘सर्व माध्यमांत, सर्व काळासाठी, आज ज्ञात असलेल्या व पुढे शोधल्या जाणाऱ्या तंत्रांसह’ असा मजकूर असलेल्या कागदावर सही करते, तेव्हा ती कशाला होकार देते आहे? याच प्रश्नावर अमेरिकेत व्हिडिओ गेमच्या कलाकारांनी जुलै २०२४ पासून जवळपास वर्षभर संप केला.

या सगळ्याचं मूळ मला श्रेयनामावलीत दिसतं. ब्लँकने निर्माता लिऑन श्लेसिंजरकडे पगारवाढ मागितली. ती मिळाली नाही, त्याऐवजी पडद्यावर नाव मिळालं. तेव्हाच्या कार्टूनमध्ये ही दुर्मीळ गोष्ट होती आणि त्या नावाने त्याला पुढची कामं मिळवून दिली. त्याच कार्टूनमध्ये एल्मर फडला आवाज देणारे आर्थर क्यू. ब्रायन मात्र निनावी राहिले आणि जून फोरे यांचंही बरंच काम नावाविना गेलं. सगळे आवाज ब्लँकचेच, असा लोकांचा समज झाला. १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’मध्ये नायिकेचा आवाज आणि गाणी ॲड्रियाना कॅसेलॉटी यांची. त्यांना ९७० डॉलर मिळाले, पडद्यावर नाव नाही. आपल्याला हे परकं वाटू नये. १९४९ मध्ये ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. लता मंगेशकर हे नाव त्यावर नव्हतं. लताबाई तिथे थांबल्या नाहीत. पार्श्वगायनाला स्वतंत्र पुरस्कार असावा आणि गायकांना रॉयल्टी मिळावी, यासाठी त्या भांडल्या. १९५९ मध्ये फिल्मफेअरने पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू केला. पडद्यामागच्या गळ्याला श्रेय मिळालं ते मागून, भांडून. कार्टूनच्या पडद्यामागे ते भांडण अजून नीट सुरूच झालेलं नाही.

आणि हे नुसतं मानापमानाचं प्रकरण नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, त्यात कलाकाराची व्याख्या करताना एक अपवाद आला. चित्रपटातलं ज्याचं काम प्रासंगिक किंवा आनुषंगिक स्वरूपाचं आहे आणि उद्योगाच्या रूढीनुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, तो या कायद्यापुरता ‘कलाकार’ धरला जात नाही. काम विकृत करून वापरल्यास दाद मागण्याचा हक्क तेवढा त्याला उरतो. मुख्य पात्राच्या आवाजाला हे लागू होऊ नये. पण कार्टूनमध्ये एकच माणूस नायकही असतो, शेजारीही असतो, भाजीवालाही असतो आणि मागचा गलकाही तोच करतो. नाव न देण्याची रूढी आधी उद्योगानेच पाडायची आणि मग त्याच रूढीच्या आधारे ‘हा कलाकार नाही’ म्हणायचं, अशी पळवाट तिथे उघडी आहे. काही ओटीटी सेवा भागाच्या शेवटी त्या-त्या भाषेतल्या डबिंग कलाकारांची नावं दाखवतात, हे चांगलं आहे. पण तिथवर पोहोचण्याआधीच पुढचा भाग आपोआप सुरू होतो.

एक आक्षेप उरतो आणि मराठीवर प्रेम करणाऱ्याला तो सगळ्यात जास्त टोचतो. मराठी मुलं कार्टून बहुतांशी हिंदीत पाहतात, कारण मराठी डबिंगवर कुणी फारसा खर्च करत नाही. यंत्राने ते स्वस्तात होणार असेल, तर आपण कलाकारांच्या नावाखाली मुलांच्या तोंडची मराठी काढून घेतो आहोत का? मी या आक्षेपाला हलकं मानत नाही. मोहही समजू शकतो. पण कार्टूनमधून मूल काय उचलतं ते पाहा. चिडवण्याचे सूर, लाडीगोडी, फुशारकी, रडकुंडीला येऊन केलेली तक्रार, हे सगळं ते ऐकून शिकतं. १९९३ मध्ये दूरदर्शनवर मोगलीची हिंदीतली मालिका लागली, तेव्हा शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. पात्र भारतीय जंगलातलं, चित्रं जपानी, पण त्या वाघाच्या गुरगुरण्यात दबा धरलेली जी धमकी होती, ती नानांची होती. मूळ आवाजावर पातळ पांघरूण घातल्यासारखी मराठी मुलांच्या कानावर पडली, तर त्यांना शब्द मिळतील, बोलणं मिळणार नाही. शिवाय ज्या भाषेत हे काम कधी उभंच राहिलं नाही, तिथे ते करणारी माणसंही तयार होणार नाहीत. मग यंत्राला शिकवायला तरी चांगलं मराठी कुठून आणणार?

म्हणून आवाज कलाकारांच्या संघटनांनी ‘आमचा आवाज वाचवा’ ही हाक बदलावी, असं मला कळकळीने वाटतं. मागण्या रोकड्या हव्यात. यंत्राला शिकवण्यासाठी रेकॉर्डिंग वापरायचं असेल तर त्याचा वेगळा करार, वेगळं मानधन आणि ठरावीक मुदत. मूळ करारातल्या एका ओळीत ते गुंडाळता येऊ नये. तयार झालेल्या आवाजाच्या प्रत्येक वापरामागे मोबदला, जसा गाण्याच्या वापरामागे गायकाला मिळतो. पात्र पुढच्या पिढीकडे द्यायचं तर आधी माणसाकडे, आणि त्याला शिकवण्याचा मान व मेहनताना जुन्या कलाकाराला. प्रत्येक भाषेच्या आवृत्तीत प्रत्येक आवाजापुढे नाव, गलक्यातल्या आवाजांसकट, आणि पुढचा भाग सुरू होण्याआधी ते वाचता येईल इतका वेळ. कायद्यातला तो अपवाद आवाज कलाकारांना लागू नाही, अशी स्पष्ट दुरुस्तीही संसदेकडून मागून घ्यावी. तोवर निदान करारात तसं लिहून घेतल्याशिवाय कुणी माइकसमोर उभं राहू नये.